अग्निशमन दल की महसूल सेवा : गोव्यात आपत्कालीन व्यवस्थापनाकडे वळणाऱ्यांसाठी

आपत्कालीन व्यवस्थापनातच सरकारी नोकरी करायची, असे ठरवलेल्या गोव्यातील पदवीधरासमोर मुख्यतः दोन वाटा असतात : अग्निशमन व आणीबाणी सेवा संचालनालय, किंवा महसूल प्रशासनातून जिल्हाधिकारी कार्यालय. बाहेरून काम एकच दिसले, तरी नोकरीची वर्षे सरतात तसे या दोन वाटांमधले अंतर वाढत जाते.

सांतिनेझला मुख्यालय असलेल्या अग्निशमन दलाचा जवान केवळ आग विझवतो, ही समजूत पहिल्याच पावसाळ्यात गळून पडते, कारण तेव्हा त्याच्या पाळीचा बराचसा वेळ घरांवर, रस्त्यांवर आणि वीजतारांवर कोसळलेली झाडे कापून दूर करण्यात जातो. २०१४ मध्ये काणकोणला कोसळलेली इमारत असो, मे २०२१ मधले तौक्ते चक्रीवादळ असो की मार्च २०२३ मधले म्हादई अभयारण्यातील वणवे असोत, हे दल सगळीकडे राबले. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातील अभ्यासक्रमांमुळे तांत्रिक शिक्षणालाही वाव आहे. उमेदवार सहसा विचारात घेत नाहीत ती बाजू म्हणजे तपासणी आणि ना-हरकत दाखले. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा बळी गेल्यानंतर या कागदी वाटणाऱ्या कामाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. उणीव अशी की, राज्य लहान असल्यामुळे वरची पदे मोजकीच आहेत आणि बढतीची वाट बरीच पाहावी लागते.

अधिकार मात्र महसुलाकडे आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो. वाहतूक रोखणे, माणसे हलवणे, ढिगारा उपसणे यांबाबतचे आदेश या यंत्रणेतून निघतात, आणि पूर ओसरल्यावर पंचनामा करून भरपाई मार्गी लावण्याचे काम मामलेदार व तलाठी करतात. परंतु उपजिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर जमिनीचे दावे, निवडणुका आणि दाखले यांच्या जोडीला आपत्ती हा एक विषय असतो. त्यात हात बसेपर्यंत बदलीचा आदेश येतो आणि शिकलेले मागे राहते.

पणजी महानगरपालिका ही तिसरी, अजून कच्ची वाट. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने राज्याच्या राजधानीसाठी आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची मुभा राज्यांना दिली असून त्याचे अध्यक्षपद आयुक्तांकडे ठेवले आहे. पणजीच्या मळा भागात किंवा अठरा जून रस्त्यावर पाणी का तुंबते, हे गटारांची देखभाल करणाऱ्यालाच नीट ठाऊक असते, हे लक्षात घेतल्यास ही तरतूद योग्यच आहे. तथापि केवळ तिच्या भरवशावर आज नोकरीचा बेत आखणे मला घाईचे वाटते.

विषयच आवडत असेल, शारीरिक चाचणीची आणि रात्रपाळीची तयारी असेल, तर मी अग्निशमन दल सुचवेन. निर्णय घेण्याची हौस असून इतर खात्यांत फिरायला हरकत नसेल, तर गोवा लोकसेवा आयोगामार्फत नागरी सेवेची कनिष्ठ श्रेणी गाठावी. कोणतीही वाट धरली तरी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आधी काढून ठेवावा आणि कोंकणीची तयारी करावी. जाहिरातींत कोंकणीचे ज्ञान अनिवार्य, तर मराठीचे केवळ इष्ट मानलेले असते.