लाँगआर्म मशीन, चौदा महिन्यांनंतर: नॉबवर आकडे का नाहीत?

परवा रात्री साडेनऊच्या सुमाराला वरच्या खोलीतल्या लाँगआर्म मशीनमधून (फ्रेमवर ताणलेल्या रजईवर टीप घालायचं मोठं शिलाई मशीन) 'टक्क' असा आवाज आला आणि पाठोपाठ सौ.ची हाक, "अहो, जरा वर येता का?" आमच्याकडे 'जरा' म्हटलं की काम मोठं असतं. सुई मोडली होती. नुसती सुई मोडली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो, सुया मोडतातच. या वेळी ती प्लेटवर आपटून मोडली आणि टोक शटलमध्ये, म्हणजे खाली दोरा गुंफणाऱ्या फिरत्या भागात, अडकलं. चिमट्याने तुकडा काढला, नवी सुई घातली, मशीन चालू केलं. आवाज झकास, सुई वर-खाली होतेय, आणि कापडावर टाका एकही नाही. टायमिंग, म्हणजे सुई आणि शटल यांचा मेळ, सरकलं होतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांच्या माणसाने पुढेही माझा फोन उचलावा एवढाच स्वार्थ. १८ इंची थ्रोट (सुईपासून मागच्या खांबापर्यंतची जागा), १० फुटी फ्रेम, स्टिच रेग्युलेटर (टाक्यांची लांबी सारखी ठेवणारा), एम साइझची बॉबिन. वापरणाऱ्यांना एवढं पुरे.

सर्व्हिसला फोन केला. माणूस दुसऱ्या शहरातून येणार. येणंजाणं, राहणं, व्हिजिट मिळून १८,५०० रुपये, पार्ट लागला तर वेगळे, आणि तारीख 'पुढच्या आठवड्यात बघू'. मी ३४ वर्षं बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, टूल रूममध्ये काढली. वडील कलाभवनात शिकलेले, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं ते कलाभवन, आता युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे. आमच्या घरात बाहेरचा मिस्त्री आला तो फक्त गवंडीकामाला. तीन स्क्रू सैल करायचे १८,५००? फोन ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन वर गेलो.

टायमिंगला लोक उगाच घाबरतात. सुई तळाला जाऊन वर यायला लागली की नेढ्यापाशी दोऱ्याचा छोटा फुगा होतो. शटलचं टोक नेमकं तेव्हाच तिथे पोचून तो फुगा उचलायला हवं, नेढ्याच्या किंचित वर. लवकर आलं तर फुगा झालेला नसतो, उशिरा आलं तर निघून गेलेला असतो. आधी प्लग काढला. प्लेट काढली, बॉबिन केस काढली. कोरी सुई लावली, कारण वाकड्या सुईवर टायमिंग लावणं म्हणजे वाकड्या पट्टीने रेघ मारणं. हातचाक फिरवून सुई तळाला नेली आणि व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) धरून तिथून अडीच मिलिमीटर वर आणली. शटलचे तीन स्क्रू सैल केले, टोक सुईच्या मागच्या खाचेत आणून ठेवलं. सुई आणि टोक यांच्यात फट किती? पंचांगाच्या पानाएवढी. घासता कामा नये, पण पान सरकायलाही जरा कुरकुरलं पाहिजे. मग स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकच आधी पक्का आवळला की शटल हलतं आणि पहिल्यापासून सुरुवात.

एक तास मात्र फुकट घालवला. बास्केट, म्हणजे बॉबिन केस बसते ती वाटी, फिरू नये म्हणून जे बोट अडकवलेलं असतं, ते मी घाईत फार आत बसवलं होतं. दोरा तिथून सुटायला जागाच नाही, दर चौथ्या टाक्याला तुटायचा. ते पाव मिलिमीटर मागे घेतलं. तरी दोरा पिंजल्यासारखा येत होता, म्हणून प्लेटच्या भोकातून कापसाचा बोळा फिरवला. तंतू जिथे अडकला तिथे बर (धातूचं बारीक कुसळ) सापडला, सुई आपटल्याची खूण. बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून तो घालवला. पावणेबाराला सलग टीप पडली. खर्च एक सुई.

आता माझी खरी तक्रार, जी चौदा महिने मी घरातल्यांना ऐकवतोय. वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, ज्या नॉबने बदलायचं त्यावर एकही आकडा नाही. रेघ नाही, ठिपका नाही. साध्या घरगुती शिलाई मशीनच्या डायलवर ० ते ९ छापलेलं असतं. आणि इथे एवढे पैसे मोजून गुळगुळीत काळा नॉब! पुस्तकात लिहिलंय, 'थोडं फिरवून पाहा'. थोडं म्हणजे किती? आमच्या टूल रूममध्ये 'थोडं' म्हणणाऱ्याला फोरमन दाराबाहेर उभा करायचा.

पहिले सहा महिने रजईच्या वरच्या बाजूला वळणावळणावर खालच्या दोऱ्याचे बारीक फास दिसायचे. सौ. त्याला 'मुंग्या' म्हणते, "परत मुंग्या लागल्या बघा." मी नॉब फिरवायचो, मुंग्या जायच्या. दुसऱ्या दिवशी काल नॉब कुठे होता ते कोणाला ठाऊक? शेवटी मकरपुऱ्यात जुन्या मित्राच्या लेथवर भंगारातल्या पितळेची रिंग कापली, तिच्यावर २० खुणा कोरल्या आणि ती नॉबवर बसवली. लेथवरचा पोरगा हसून म्हणाला, "काका, आ तो घडियाळ थई गई." होऊ दे. मी वही घातली: दोरा, सुई, आतला थर, खूण.

वहीने माझी फजितीच केली. संध्याकाळी ११ वर टाका अगदी रेखीव, सकाळी त्याच ११ वर मुंग्या. दोरा तोच, सुई तीच, कापड तेच. मी स्प्रिंगला दोष दिला, कंपनीला दिला, पावसाळी हवेला दिला. सौ.ने बॉबिनचा दोरा दोन बोटांत धरून ओढला आणि म्हणाली, "हा कालच्यापेक्षा ढिला लागतोय." मला हसू आलं. तरी बॉबिन केसच्या स्प्रिंगखाली व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा फिरवला, तर केसाएवढी राखाडी लव बाहेर आली. तेवढ्या लवेने स्प्रिंग उचलून धरली होती, खालचा दोरा सैल पडला होता आणि मी वरच्या नॉबशी झटत होतो. साफ केल्यावर ११ वर टाका पुन्हा रेखीव.

तेव्हापासून बॉबिन बदलताना दर वेळी परीक्षा. बॉबिन घातलेली केस तळहातावर ठेवून दोरा वर ओढायचा. केस उभी राहिली पाहिजे, पण हात सोडून उचलली जाता कामा नये. आधी खालचं टेन्शन, मग वरचं. उलट करणाऱ्याची माझ्यासारखी सहा महिन्यांची वही भरते.

इथवर लिहून दोन दिवस झाले, मधल्या वेळात एक रजई उतरली. वरचं वाचून पाहिलं आणि एक दुरुस्ती करतो. नॉबवर आकडे छापले असते तरी माझ्या मुंग्या गेल्या नसत्या. सुती दोरा जाड, पॉलिएस्टर बारीक, त्यामुळे एकाचा ११ दुसऱ्याचा १४ होतो. छताचा पंखा चालू असला तर कोनवरून, म्हणजे दोऱ्याच्या उभ्या रिळावरून, दोऱ्याची वेटोळी उडतात आणि ११ चा अर्थच उरत नाही. (पंखा बंद ठेवायचा किंवा कोनला जाळी घालायची. मे महिन्यात बडोद्यात पंखा बंद ठेवून दाखवा, म्हणून जाळी.) एवढं कबूल. पण परत यायला पत्ता तरी हवा की नको? तक्रार मागे घेत नाही.

फ्रेमबद्दल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी पुराने गल्लीत आली होती, म्हणून मशीन पहिल्या मजल्यावर ठेवायचं हे खरेदीआधीच ठरलं होतं. १० फुटी पाइप जिन्यातून चढवताना शेजारचे तिघे लागले. वरच्या खोलीची लादी गच्चीच्या दाराकडे उतरती, पाणी जायला. मी ते विसरलो. पहिल्याच आठवड्यात सौ.ने काढलेली वर्तुळं अंड्यासारखी यायला लागली. मशीन हातातून सोडलं की आपण होऊन दाराकडे चालू पडायचं. लादीवर गोटी सोडली, तीही तिकडेच. फ्रेमच्या पायाचे स्क्रू फिरवून, स्पिरिट लेव्हल लावून अख्खी दुपार घालवली. आता सोडलं तिथे उभं राहतं.

अधूनमधून टाके सुटायचे, त्याचं एक कारण मी स्वतः. कापड ताठ दिसावं म्हणून रोलर आवळून ठेवायचो. "ढोलकी करू नका, नवरात्र लांब आहे," असं म्हणून सौ.ने रोलर अडवणाऱ्या दातेरी चाकाचा एक दात सैल सोडला. खालून बोट लावलं तर वरून ते चिमटीत धरता यावं, एवढीच ढील. टाके सुटणं निम्म्याने कमी झालं. आणखी एक तिचंच: आईच्या जुन्या लुगड्याचं अस्तर जोडताना शिवण रोलरला समांतर ठेवायची, आडवी. उभी ठेवली तर प्रत्येक वेढ्यात ती एकाच जागी चढते, तिथे फुगवटा येतो आणि बाजूचं कापड लोंबतं. अस्तर चारही बाजूंनी ४ इंच जास्त घ्या, मंगळबाजारात कापड घेताना माप तसंच सांगा.

रेग्युलेटरने मध्येच लांब टाके दिले तर बोर्ड बदलायला धावू नका. बहुधा एन्कोडरचं, म्हणजे मशीन किती सरकलं ते मोजणारं, चाक रुळावर घसरत असतं. चाक आणि रूळ दोन्ही स्पिरिटने पुसा.

आणि एक आनंदाची गोष्ट. मशीन ज्यावर सरकतं त्या कॅरेजच्या चाकांतून खरखर यायला लागली तेव्हा कंपनीने चाकांचा सेट सांगितला, किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. चाक सोडवून बेअरिंग मोजली: भोक ८ मिमी, बाहेरून २२, जाडी ७. म्हणजे ६०८! स्केटच्या चाकात असते ती, बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळते. आठ बेअरिंग एका सिनेमाच्या तिकिटांपेक्षा स्वस्तात आल्या, तेही दोघांच्याच तिकिटांपेक्षा. सहा बदलल्या, खरखर गेली. मागच्या रुळावर डावीकडे अजून एक टकटक येते, ती बहुतेक रुळाच्या सांध्याची. बघायचं आहे, पण फ्रेमवर भाचीची रजई चढली आहे आणि ती उतरेपर्यंत मला वर यायची परवानगी नाही.