हॉर्नबीचा ओओ सेट: मुलाच्या पहिल्या लेआउटसाठी घ्यावा का?

मुलासाठी पहिला रेल्वे सेट घेताना बहुतेक घरांत इंजिन बघून खोकं निवडलं जातं. आधी बघायला हवेत ते रूळ. इंजिन पुढे दुसरं आणता येतं, रुळांची मापं मात्र एकदा घरात आली की सगळी वाढ त्यांच्यावरच होते. या हिशेबाने हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीची ओओ (खऱ्या गाडीच्या १/७६ मापाची) रूळपद्धत पहिल्या लेआउटसाठी आजही भक्कम आहे आणि आमची शिफारस तिलाच आहे. अट एकच: खोक्यातल्या लंबगोलावर थांबू नका. नुसती गोल फिरणारी गाडी मूल थोडे दिवस बघतं आणि मग सेट माळ्यावर जातो.

या पद्धतीचं बळ तिच्या मापांत आहे. साधा सरळ रूळ, कंपनीच्या क्रमांकाने आर६००, १६८ मिमीचा; या लांबीला पुढे एक एकक म्हणू. त्याच्या दुप्पट आर६०१, ३३५ मिमीचा. पॉइंट, म्हणजे गाडीला दुसऱ्या मार्गावर वळवणारा सांधा, तोही १६८ मिमीचाच, म्हणजे सरळ रूळ काढून त्याजागी पॉइंट बसतो आणि बाकी काही हलवावं लागत नाही. वळणांच्या त्रिज्या ३७१, ४३८, ५०५ आणि ५७१.५ मिमी, शेजारच्या दोन मार्गांमधलं अंतर ६७ मिमी. पेको या दुसऱ्या कंपनीचे सेटट्रॅक रूळही याच मापांचे आणि त्याच उंचीचे (तिला कोड १०० म्हणतात) आहेत, त्यामुळे दुकानात एकाचा पॉइंट संपला असेल तर दुसऱ्याचा चालतो. पहिली त्रिज्या, ३७१ मिमीची, जागा वाचते म्हणून घेऊ नका. तिच्यावर लांब डबे वळणाबाहेर झुलतात आणि मोठी इंजिनं घसरतात. सुरुवात ४३८ पासूनच करा.

आता बोर्ड. आपल्याकडे प्लाय ६ × ४ फुटांत तयार मिळतो, म्हणजे साधारण १८२९ × १२१९ मिमी. १२ मिमी जाडीचा घ्या, खाली २ × १ इंची लाकडी पट्ट्यांची चौकट आणि दर दीड फुटाला एक आडवी पट्टी. ही चौकट टाळली तर पावसाळ्यात प्लायला बाक येतो आणि मधल्या जोडांवर गाडी थबकायला लागते. चौकटीशिवायही हा बोर्ड सतरा-अठरा किलोंच्या घरात जातो, त्यामुळे ‘रोज काढू, रोज ठेवू’ हे प्रत्यक्षात होत नाही. चाकं लावून पलंगाखाली सरकवा नाहीतर कायमची जागा द्या. मुलाचा हात जेमतेम ६० सेंटिमीटर पोचतो. चार फुटी बोर्ड भिंतीला टेकवला तर पलीकडच्या बाजूला घसरलेला डबा उचलायला दरवेळी मोठं माणूस लागेल, म्हणून दोन्ही लांब बाजू मोकळ्या हव्यात.

या बोर्डावर दुसऱ्या त्रिज्येचा लंबगोल टाकताना सरळ भाग पाच एककांचा, म्हणजे ८३८ मिमीचा सहज बसतो आणि सगळे तसाच टाकतात. इथेच पुढची वाट अडते. काही महिन्यांनी बाहेरून तिसऱ्या त्रिज्येचा दुसरा मार्ग हवा असतो, आणि तो सहा फुटांत मावत नाही: दोन टोकांच्या वळणांचे १०१० (५०५ ची दुप्पट) अधिक ८३८ म्हणजे १८४८, बोर्डाबाहेर. सरळ भाग पहिल्यापासून चारच एककांचा, ६७१ मिमीचा ठेवा. मग बाहेरचा मार्ग स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) धरून सुमारे १७१० मिमी लांब होतो आणि दोन्ही टोकांना ६ सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते. कडेला दोन इंची पट्टी ठोका. टेबलाच्या उंचीवरून फरशीवर पडलेलं इंजिन बहुतेकदा दुरुस्तीलाच जातं.

मधल्या जागेत काय? पुष्कळ नकाशांत आधी लूप दिसतो, म्हणजे गाडीला बाजूला उभं करायचा मार्ग. ६७१ मिमीत तो टाकू नका. दोन्ही टोकांचा पॉइंट आणि उलटं वळण मिळून चारही एककं खातात, गाडी उभी करायला सरळ रूळच उरत नाही. त्याऐवजी पॉइंटमधून २२.५ अंशांत निघणारा फाटा वळवून समांतर न करता तसाच तिरपा आत जाऊ द्या. त्यावर दोन आर६०१ जोडले की ६७० मिमीची सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचा टोकाला बंद असलेला रूळ, मिळते आणि ती समोरच्या रुळाला कुठेही भिडत नाही. समोरच्या सरळ भागावर त्याच हाताचा, म्हणजे पहिल्यासारखाच डावा, दुसरा पॉइंट लावून उलट दिशेने दुसरी सायडिंग काढा. एका सायडिंगला गोदाम, दुसरीला छोटं स्टेशन. झालं, आता गाडीला कुठून तरी कुठेतरी जायचं असतं आणि मुलाच्या हाताला काम असतं: डबे ढकलून सोडायचे, दुसरे जोडून आणायचे.

याला सामान लागतं ते असं: दुसऱ्या त्रिज्येची आठ आर६०७ वळणं, सहा आर६०१, एक आर६००, वीज जोडायचा आर८२०६ एक, आर८०७२ हे डावे पॉइंट दोन, आणि सायडिंगच्या टोकांना लावायचे दोन अडथळे, म्हणजे बफर स्टॉप. आठ वळणं, थोडे सरळ रूळ आणि वीजजोड सेटमध्ये बहुधा असतातच; खोक्यावरची यादी मोजून उरलेलंच विकत घ्या. कंपनीची छापील ट्रॅकमॅट, १६०० × ११८० मिमीची, या बोर्डावर बसते आणि ए ते एफ हे ट्रॅक पॅक तिच्यासाठीच आहेत. विचार करायला अजिबात वेळ नसेल तर ती वाट ठीक. आमच्या मते सगळे पॅक लावल्यावर रूळच रूळ होतात, आणि घरं-झाडं मांडायला जागा राहत नाही. मुलाला तर तीच हवी असतात.

हॉर्नबीच्या पॉइंटमध्ये एक गुण आहे आणि एक दोष. पॉइंट ज्या बाजूला वळवलेला असतो तिकडेच वीज जाते. म्हणजे सायडिंगमध्ये एक इंजिन शांत उभं ठेवून दुसरं मुख्य मार्गावर चालवता येतं, तेही एकाच कंट्रोलरवर. ‘सायडिंगमध्ये इंजिन बंद पडतं’ ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते; पॉइंट फिरवा, इंजिन चालेल. दोष असा की रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो तुकडा प्लास्टिकचा आहे. स्वस्त सेटांत येणारं चार चाकांचं छोटं इंजिन सावकाश नेलं तर तिथे अडकतं. डबे जोडताना तर गाडी सावकाशच न्यावी लागते, म्हणून सहा चालती चाकं असलेलं इंजिन असलेला सेट घ्या. लहान हातांसाठी डिझेल बरं, वाफेच्या इंजिनाचे बाहेरचे दांडे पटकन वाकतात.

रूळ जोडताना दोन्ही तुकडे सपाट ठेवून सरळ आत सरकवायचे, काढतानाही तसेच. मुलं एक टोक वर उचलून तोडतात, त्याने जोडपट्टी फाकते. प्रत्येक जोडावरून नख फिरवून बघा. नख अडलं तर एक रूळ पट्टीच्या आत न जाता वर चढून बसलाय, आणि गाडी तिथेच घसरणार, नाहीतर तिथून पुढे वीज कमी पोचणार. पहिला महिना खिळे मारू नका. नंतर मारले तरी डोकं स्लीपरला जेमतेम टेकेल इतकेच. जोरात ठोकला की स्लीपर मधोमध वाकतो आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आवळतं.

मूल कधीतरी रूळ फिरवून परत त्याच मार्गाला जोडेल, गाडी उलट तोंडाने यावी म्हणून. दोन रुळांच्या वीजपद्धतीत तिथे शॉर्टसर्किट होतं आणि सगळं बंद पडतं. त्याला ते आधीच रुळावर बोट ठेवून दाखवा: डावा रूळ फिरून उजव्याला कसा भिडतो. सतरंजीवर गाडी चालवू नका, केस आणि धागे आसांना गुंडाळले जातात. रूळ काळे पडले की आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर घासलात तर ओरखड्यांत मळ आणखी भरतो.

सेट ब्रिटनहून मागवला तर व्होल्टेज आपलंच, २३०. फक्त पिनांसाठी चांगला कन्व्हर्टर लागतो. मुख्य उणीव वेगळी आहे. खोक्यात ब्रिटिश गाड्या असतात. राजधानी किंवा लाल मातीतली कोकण रेल्वे मागणाऱ्या मुलाला हे आधी सांगा. शक्य असेल तर खरेदीआधी त्याला पुण्यात कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात न्या, सिग्नल आणि गाड्या मिळून काय उभं राहतं ते त्याला तिथे समजेल.

आठ वर्षांखालच्या मुलासाठी हा सेट नाही. आणि घरात ६ × ४ ची जागाच नसेल तर ओओ रेटून बसवू नका. कातो या जपानी कंपनीचे एन गेजचे (ओओपेक्षा लहान मापाचे) युनिट्रॅक रूळ बघा: २४९ मिमी त्रिज्येचा लंबगोल एकेक २४८ मिमीचा सरळ तुकडा घालूनही ३ × २ फुटांत बसतो, आणि खालच्या प्लास्टिकच्या पायामुळे जोड जास्त पक्के राहतात. मात्र ९ मिमीच्या रुळावर चाकं नीट बसवणं लहान बोटांना जड जातं, आणि जपानहून थेट आणलेला पॉवर पॅक १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या प्लगला लावला की जळतो.

खरेदी एकदम करू नका. आधी सेट आणि बोर्ड. लंबगोल व्यवस्थित चालला की दोन पॉइंट आणि सायडिंगचे रूळ. मग थोडे मालडबे आणि डबे सोडवायचा रॅम्प, आर६१७. बाहेरचा मार्ग त्यानंतर: तिसऱ्या त्रिज्येची आठ आर६०९ वळणं, चार आर६०१ आणि त्याचा स्वतंत्र कंट्रोलर. दुसरं इंजिन त्याच्यासोबतच आणा.