ओहोस देल सलादो: चिलीकडून चढायचं की अर्जेंटिनाकडून?

६८९३ मीटर, जगातला सगळ्यात उंच ज्वालामुखी, आणि चिली-अर्जेंटिनाची सीमा थेट माथ्यावरूनच जाते. समुद्राच्या तळाची नाझ्का प्लेट, म्हणजे भूकवचाचा एक मोठा तुकडा, दक्षिण अमेरिकेखाली सरकते, त्यातूनच हा उभा राहिला. खडक मुख्यतः डेसाइट नावाचा ज्वालामुखी खडक, म्हणजे सिलिका जास्त, लाव्हा चिकट, त्यामुळे आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टसारखे लांबच लांब सपाट थर न होता इथे घुमट आणि जाडजूड ओघ एकावर एक साचलेत. वर अजून वाफा निघतात बरं का.

चिलीची बाजू सोयीची. कोपियापो शहराहून लागूना वेर्दे या सरोवराला यायचं, तिथून फोर बाय फोर अताकामा कॅम्पपर्यंत म्हणजे जवळपास ५२०० मीटरला नेऊन सोडते, आणि इथेच खरा धोका आहे, कारण गाडी चढते म्हणून शरीर चढत नाही, घाईत वर गेलेल्यांचं डोकं असं ठणकतं की परत खाली यावं लागतं. वरचा टप्पा भुसभुशीत घसाऱ्याचा, आणि शेवटी क्रेटरच्या काठावर दोर धरून थोडं खडकावर चढायचं.

अर्जेंटिनाकडून फियांबाला गावाहून निघायचं, खेचरांवर सामान, कितीतरी दिवस नुसतं चालणं, माणूस क्वचितच दिसतो. १९३७ मध्ये पोलिश गिर्यारोहक पहिल्यांदा माथ्यावर पोचले.

सुट्टी कमी असेल तर चिलीच घ्या, पण लागूना वेर्देला पुरेसे दिवस काढा. वेळ असेल तर मी डोळे झाकून अर्जेंटिना सांगेन, चालत गेल्यावर उंची आपोआप अंगात मुरते.