कंट्रोल-एच की एआय एजंट?

2025 मध्ये इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं आणि सांगली जिल्ह्यात अनेकांच्या अर्ज-नमुन्यांत नाव बदलायचं काम आलं. एखादंच गूगल डॉक असेल तर कंट्रोल-एच, म्हणजे 'शोधा आणि बदला'ची सोय, बरी. एकेक जागा नजरेखालून जाते.

फायलींचा ढीग असेल तर एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणारा एआय प्रोग्राम. तो डॉक्स एपीआयला (इतर प्रोग्रामांना गूगल डॉक्समध्ये काम करू देणारी वाट) 'रिप्लेसऑलटेक्स्ट', म्हणजे 'सगळीकडे बदल' अशी विनंती पाठवतो आणि किती ठिकाणी बदल झाला तो आकडाही परत येतो. गोम इथेच आहे. 'इस्लामपूर' शोधलं की 'इस्लामपुरात', 'इस्लामपुरातून' सुटतात, कारण तिथे उकार ऱ्हस्व. आकडा मात्र झकास दिसतो! त्यामुळे 'इस्लामपुरा'चं 'ईश्वरपुरा' ही दुसरी जोडीही द्यावी. जुन्या खरेदीखतांच्या नकला? त्यांत जुनंच नाव राहायला हवं, म्हणून त्या फोल्डरची परवानगी एजंटला देऊच नये.