फॅबफिल्टर प्रो-क्यू 4: टिल्ट आणि डायनॅमिक बँडपुरता रिव्ह्यू

प्रो-क्यू 4 हा डिसेंबर 2024 मध्ये आलेला ईक्यू, म्हणजे आवाजातल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर. त्यात 24 बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एकेका भागावर काम करणारे फिल्टर, लावता येतात. पूर्ण मिक्सचा रंग बदलायला मात्र बहुतेक वेळा दोनच पुरतात: एक टिल्ट, एक डायनॅमिक बेल (आवाजाच्या पातळीनुसार आपोआप हलणारा, घंटेच्या आकाराचा बँड). इथे त्या दोघांचाच विचार केला आहे.

टिल्ट म्हणजे तराजूची दांडी. खर्जाची बाजू खाली गेली की वरची तेवढीच उचलली जाते. प्रो-क्यूमध्ये याचे दोन प्रकार आहेत. टिल्ट शेल्फ मध्यबिंदूच्या दोन्ही अंगांना जाऊन सपाट होतो, तर फ्लॅट टिल्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उतार देतो. फ्लॅट टिल्ट वापरताना हमखास फसगत होते. त्याची फ्रिक्वेन्सी 500 हर्ट्झवरून 2000 वर नेली तरी रंग जवळजवळ तोच राहतो, कारण रेषेचा उतार बदललेलाच नसतो. रेषा फक्त वर किंवा खाली सरकते, म्हणजे कानाला कळतो तो पातळीतला फरक. मध्यबिंदू खरोखर ऐकून ठरवायचा असेल तर टिल्ट शेल्फ घ्या. गढूळ मिक्सला 700 हर्ट्झ ते 1 किलोहर्ट्झच्या दरम्यान ठेवून 1 डेसिबलने सुरुवात करा. 2 डेसिबल लागायला लागले तर दोष मिक्समध्ये आहे, तो ट्रॅकवर जाऊन सोडवावा.

बायपासशी (ईक्यू बंद असतानाच्या आवाजाशी) तुलना करताना पातळी सारखी करून घ्याच. वरचा भाग उचलला की मिक्स मोठं वाटतं आणि मोठं ते चांगलं वाटतं. ऑटो गेन (पातळीतला फरक आपोआप भरून काढणारी सोय) मदत करतो, पण शेवटचा निर्णय कानानेच घ्यावा. आणखी एक: ॲनालायझरलाही (फ्रिक्वेन्सींचा आलेख दाखवणाऱ्या भागालाही) स्वतःचा टिल्ट असतो, मुळात 4.5 डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. तो फक्त चित्राचा आहे. त्या चित्रात आलेख आडवा दिसावा म्हणून ईक्यू फिरवत बसू नका.

टिल्ट सगळ्या गाण्याला सारखाच लागतो. त्यामुळे चमक वाढवली की एरवी खपून जाणारा आवाज कोरसमध्ये 3 किलोहर्ट्झला बोचू लागतो. तेवढ्या क्षणांसाठी डायनॅमिक बँड. गायनाच्या ट्रॅकवर 3 किलोहर्ट्झला बेल, क्यू (बँड किती अरुंद ते) 2 च्या आसपास, गेन शून्यावर, डायनॅमिक रेंज (बँड जास्तीत जास्त किती हलेल ते) उणे 3 डेसिबल. हेडफोनचं चिन्ह दाबून तो बँड एकटा ऐका, बोचणारी जागा नेमकी पकडा, मगच थ्रेशोल्डला, म्हणजे ज्या पातळीला बँड हलू लागतो तिला, हात लावा. ऑटो थ्रेशोल्ड सोयीचा आहे, पण तो येणाऱ्या पातळीशी जुळवून घेतो. अंतरा हळू आणि कोरस मोठा असेल तर हळू भागातही कट होत राहतो आणि गायिकेचा आवाज मागे सरकतो. अशा गाण्यात थ्रेशोल्ड हातानेच लावा, अंतऱ्यात बँड हलता कामा नये.

या आवृत्तीत डायनॅमिक बँडला अटॅक (बँड किती वेगाने हलतो) आणि रिलीज (किती वेगाने मूळ जागी येतो) मिळाले, ही सगळ्यात मोलाची भर. आधीच्या आवृत्तीत ते आपल्या हातात नव्हते. विशेषतः खर्जात फरक पडतो. 60 हर्ट्झची एक लाट जवळजवळ 17 मिलिसेकंदांची असते. रिलीज त्याहून झटपट ठेवला तर गेन लाटेच्या मागे धावतो आणि बेस खरखरतो. बेसवर 60 ला बँड, बाहेरच्या साइडचेनला (बँड ज्या आवाजावर हलतो त्या इनपुटला) किक (बास ड्रम), रेंज उणे 3, रिलीज संथ: किकला जागा मिळते आणि बेस पोकळ होत नाही.

स्पेक्ट्रल मोड मात्र जपून वापरा. बँडमधल्या नेमक्या उसळणाऱ्या फ्रिक्वेन्सीच तो दाबतो. हाय-हॅटच्या किंचाळीवर उत्तम, पण रेंज जास्त ओढली की झांजांचा जिवंतपणा जातो. लिनिअर फेज (सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर देणारा मोड) खर्जातल्या किकवर टाळावा, ठोक्याच्या आधी पुसटशी चाहूल ऐकू येते.

टिल्ट वेगळ्या इन्स्टन्समध्ये (प्रो-क्यूच्या दुसऱ्या प्रतीत) आधी लावत असाल तर थ्रेशोल्ड नंतर ठरवा. टिल्ट 1 डेसिबलने जरी हलला तरी पुढचा बँड वेगळ्या जागी जागा होतो.