कूलंटच्या नावाखाली रंगीत पाणी: ट्रकवाल्यांनो, सावध राहा

गॅरेजवाल्याने 20 लिटर कॉन्सन्ट्रेटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या बिनपाण्याच्या कूलंटचे पैसे घेतले आणि गाडीत ओतलं जेमतेम 4 लिटर. सिस्टीम 40 लिटरची. निम्मं कूलंट, निम्मं डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी असं ठरलेलं. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने रिफ्रॅक्टोमीटर (कूलंट किती घट्ट ते दाखवणारं यंत्र) लावला तर ग्लायकोल, म्हणजे कूलंटमधला मुख्य घटक, 10 टक्के! म्हणजे 16 लिटर सरळ गिळले. रंगावर जाऊ नका, रंग कुणीही टाकतो.

डोक्यात जातो तो ड्रेन ट्रे, जुनं कूलंट उतरवायचा. 40 लिटरच्या सिस्टीममधून ट्रेमध्ये उतरलं होतं 15 लिटर. विचारलं तर म्हणाला, "शेठ, बाकीचं फ्लशिंगमध्ये निघून जातं." इंजिन ब्लॉकच्या ड्रेन प्लगवर वाळलेला चिखल आणि तेलाचा थर जसाच्या तसा, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. म्हणजे ब्लॉकमधलं जुनं काढलंच नव्हतं. तिथेच त्याची मानगूट धरायला हवी होती. पण माल भरून गाडी उभी, पार्टीचे फोनवर फोन. रोख पैसे मोजल्यावर काम झालं असंच माणूस धरतो. यात माझं काय चुकलं?

भोगलं इंजिनने. वेट लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याला, बाहेरून कूलंटच भिडलेलं असतं. लायनर थरथरतो, त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे धरतात आणि तिथेच फुटतात. कूलंटमध्ये अ‍ॅडिटिव्ह नसेल तर ते लोखंड पोखरत जातात. काही महिन्यांत ऑइलमध्ये कूलंट मिसळून ते दुधाळ झालं. इंजिन खोललं तर एका लायनरला टाचणीच्या टोकाएवढं आरपार भोक! आणि टेंपरेचरचा काटा एकदाही लाल पट्टीत गेला नव्हता. त्या काट्यावर विसंबू नका, रिफ्रॅक्टोमीटर स्वतःचा घ्या. नायट्राइटवालं (लायनर वाचवणारं अ‍ॅडिटिव्ह असलेलं) कूलंट असेल तर ते तपासायची टेस्ट स्ट्रिपही ठेवा, कारण रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकोल दाखवतो.

पोलीस म्हणाले, हा व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जा. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात म्हणे सीलबंद नमुना आणा. अहो, सील फोडूनच ओततात ना! लॅबचा रिपोर्ट नेला, तर नमुना आमच्या माणसासमोर काढलेला नाही म्हणाले. मग पाठवा माणूस! तर माणूस नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नुसतं फिरवलं, अर्जाची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. कूलंट कंपनीने बॅच नंबर मागितला. तो कॅनवर, आणि कॅन गॅरेजवाल्याने केव्हाच गायब केलेले.

सील तुमच्या हाताने फोडा. ब्लॉकचा प्लग उघडल्याशिवाय पैसे काढू नका. आणि रिकामे कॅन गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, त्यातच रंगीत पाणी भरून पुढच्याच्या गळ्यात मारतात.