दंडातली गाठ: सुई टोचून बघायची की काढूनच टाकायची?

दंडात, पोटरीत किंवा गालात सुपारीएवढी गाठ लागते, सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘कृमीची गाठ असावी’ असं येतं, आणि मग प्रश्न पडतो की पॅथॉलॉजिस्टकडे जाऊन सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, करून घ्यायची, की सर्जनकडून गाठच काढून ती तपासायला पाठवायची. माझ्या पाठीवरची चरबीची गाठ मागे कापून काढली होती आणि पुढे दंडातल्या गाठीला सुई लावली. दोन्ही अंगावरून गेलंय. डॉक्टर मात्र नाही मी, तेवढं धरून वाचा.

खात्रीचं म्हणाल तर काढलेली गाठ वरचढ, यात वाद नाही. अख्खी पिशवी हाती आली की आतल्या अळीचं डोकं, त्यावरचे चार चूषक आणि आकडे, सगळं दिसू शकतं. गाठ एकच असेल तर निदान आणि इलाज एका खेपेत. सुईचं तसं नाही. कधी पाण्यासोबत अळीच्या आवरणाचा तुकडा येतो आणि काम फत्ते होतं. कधी नुसत्या सुजेच्या पेशी येतात, त्यात इओसिनोफिल (जंत किंवा ॲलर्जी असली की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर, आणि रिपोर्टात ‘परोपजीवीची शक्यता’ एवढंच. अळी मरून गाठ चुनखडीसारखी कडक झाली असेल तर सुईत हाती लागण्यासारखं फारसं काही नसतं.

तरीही माझा कौल सुईकडे झुकला, तो एका डबीमुळे. छोट्या नर्सिंग होममध्ये गाठ काढली की ती फॉर्मॅलिनच्या, म्हणजे गाठ सडू न देणाऱ्या औषधाच्या, डबीत घालून नातेवाइकाच्या हातात देतात: जा, लॅबमध्ये देऊन या. पाठीच्या वेळी माझा धाकटा भाऊ ती डबी स्कूटरच्या डिकीत टाकून धंतोलीत फिरला. धंतोलीत दुपारी गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे काय, ते नागपूरकरांना सांगायला नको. झाकण नीट बसलेलं नव्हतं, डिकी उघडली की वासाने डोळे चुरचुरायचे. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म बघून विचारलं, “दादा, गाठ कुठची होती जी?” तो रकाना कोराच. भाऊ म्हणाला, “पाठीची.” डावीकडची की उजवीकडची, किती जुनी, दुखत होती का, त्याला काय माहीत? ज्यांनी स्लाइड बघितली त्यांनी मला कधी पाहिलंच नाही. चरबीची गाठ होती म्हणून निभावलं.

सुईला मधले हात नाहीत. ज्या मॅडम स्लाइड बघणार होत्या, त्यांनीच दंड चाचपला, त्यांनीच टोचलं. भूल नाही, टाके नाहीत, सुई इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक. सिरिंजमध्ये स्वच्छ पाण्याचे थेंब आले तसा त्यांचा हात थबकला. काही काचा अल्कोहोलमध्ये बुडवल्या, काही तशाच वाळवल्या. एक तिथेच घाईने रंगवून पाहिली, माल कमी वाटला म्हणून परत टोचलं. हे चालू असताना विचारणा: कधी फिट आली का, डोकं दुखतं का, घरात कुणाच्या शौचातून पट्टकृमीचे तुकडे पडलेत का. असले प्रश्न डबीला कोण विचारणार?

रिपोर्ट सिस्टिसर्कोसिसचा आला, म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीच्या अळीची गाठ. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही, त्यामुळे काकूंच्या नजरेत थोडा संशय होता. खरं तर नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातून पोटात पट्टकृमी होतो. अंगातल्या गाठी त्याच्या अंड्यांमुळे होतात. ती माणसाच्या विष्ठेतून हातावर, पाण्यात, कच्च्या भाजीवर येतात. शाकाहाराचा इथे उपयोग नाही.

हे सारं कातडीखालच्या आणि स्नायूतल्या गाठीचं, बरं का. लिव्हरमध्ये किंवा फुफ्फुसात पाण्याची मोठी गाठ असेल तर सुईचा हट्ट धरू नका. तिथे कुत्र्याच्या पट्टकृमीची हायडॅटिड गाठ असू शकते. सुईने ती फुटून पाणी सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, शिवाय सांडल्या जागी नव्या गाठी धरतात. आमच्या वहिनींच्या लिव्हरच्या गाठीला सर्जनने सुई लावूच दिली नाही. सोनोग्राफीत आत सुटलेला पडदा तरंगताना दिसत होता, त्यावर आणि रक्ततपासणीवर भागलं. ‘पेअर’ नावाची पद्धत आहे, सुईने पाणी ओढून, आत औषध सोडून ते परत ओढायचं, पण ती निवडक गाठींचा उपचार आहे. आधी अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध सुरू करून, ॲलर्जीची तयारी ठेवूनच करतात.

दंडाच्या गाठीला मात्र माझ्या मते आधी सुई. तिच्यात काही हाती लागलं नाही तर सर्जन आहेतच. फोनवर अपॉइंटमेंट घेताना एवढं विचारा की टोचणार कोण आणि स्लाइड बघणार कोण. दोन वेगळी नावं आली तर दुसरी लॅब बघा. आणि रिपोर्ट माझ्यासारखा आला, तर अल्बेंडाझोल स्वतःहून आणून खाऊ नका. आधी डोळ्यांचे पडदे तपासायचे आणि मेंदूचा एमआरआय किंवा सीटी करायचा. तिथे अळी असली तर गोळीने ती मरताना आजूबाजूला सूज येते.